हौजबागेतले सात उच्छ्वास

‘हौजबागेतील कारंजी बंद पडण्याचे कारण भूमिगत नहरीत साचलेला गाळ हे असून, सदर गाळ बागेच्या राखणदारीण कस्तुराबाई सोनाजी यांच्या नातेवाइकांच्या मेंढ्यांच्या वावरामुळे साचलेला आहे. सबब सदर बाईंस कामावरून कमी करावे व त्यांच्या ताब्यातील खोली पंधरा दिवसांत रिकामी करून घ्यावी.’

औरंगाबादच्या शहर सुशोभन मंडळाने एकोणीसशे अडुसष्ट साली जे चौकशी-टिपण तयार केले, त्याचा हा चौथा परिच्छेद. परिच्छेद सुबक होता. कार्यकारणभाव असा बिनतोड, की तर्कशास्त्राच्या वर्गात फळ्यावर लिहून ठेवावा. उणीव एकच होती. त्यातला एकही शब्द जमिनीला टेकत नव्हता.

मेंढ्यांचे घ्या. बागेची सुधारणा झाली त्या दिवसापासून तिच्याभोवती मंडळानेच काटेरी तार ओढली होती आणि फाटकाला कुलूप लावले होते; माणसांपुरती बाजूला एक अरुंद फिरती चौकट ठेवली होती. किल्ली मंडळाच्या कचेरीत असे. तेव्हापासून चौदा महिन्यांत बागेत मेंढरू शिरले असेल तर ते किल्ली मागून शिरले असले पाहिजे. गाळाचे घ्या. हौदाच्या बाजूने खापरी नळात सळई घालून पाहिली तेव्हा वीतभर रुंदीच्या नळात गाळ निघाला दोन बोटे. हा आकडा त्याच टिपणाच्या परिशिष्टात होता, परंतु परिशिष्ट वाचण्याची चाल मंडळात नव्हती. आणि कारंज्यांचे घ्या. गाळाने कोंडलेला नळ दिवसेंदिवस बारीक होत मुका होतो. हौजबागेतली कारंजी मुकी झाली नव्हती, ती खोकत होती. फुस्स करून ओंजळभर पाणी, मग नुसता हवेचा भपका, मग बराच वेळ काही नाही. गाळ कधी खोकत नाही.

हे सारे आक्षेप एका माणसाला पाठ होते, आणि तोच माणूस त्या टिपणाची पक्की प्रत आपल्या गोलाकार, देखण्या अक्षरात काढत बसला होता. त्याचे नाव बद्रीनाथ. मंडळाचा ड्राफ्ट्समन. बागेचा नकाशा त्याचाच.

बद्रीनाथ देवगाव रंगारीचा. घरी चाळीस एकर, थोरले बंधू तात्यासाहेब ती कसणारे, आणि शहरात नोकरीला आलेला घराण्यातला हा पहिला. त्याची बायको आशाबाई शहागंजातून भाजी घेऊन आली, की हातातली पिशवी खाली ठेवायच्या आत विचारी, ‘‘आलात का बागेतून घरी?’’ तो घरीच असे, खिडकीपाशी, पण तिचे खोटे नव्हते. बाग उभी राहण्याच्या आधी दोन वर्षे बद्रीनाथ तीत राहिला होता.

ती बाग निळसर ट्रेसिंग कापडावर होती. दुपारी कचेरीत पंखा मंद फिरू लागे, शाईच्या दौतीवर ऊन येई, आणि बद्रीनाथच्या हातातली लेखणी एखाद्या पायवाटेवरून चालता चालता त्यालाही सोबत नेई. तिथे वारा नव्हता. ऊन नेहमी वरच्या डाव्या कोपऱ्यातून तिरपे पडे, कारण नकाशात सावली काढायची रीतच तशी. त्यामुळे त्या बागेत कायम सकाळी दहाचा सुमार असे. झाडे गोल होती आणि एकमेकांपासून सारख्या अंतरावर उभी होती. पाणी समांतर रेघांचे. तिथे कुणी खाकरत नसे, कुणी थुंकत नसे, आणि बाकावर बसलेल्या माणसांना चेहरे नसल्यामुळे त्यांच्याशी बोलावे लागत नसे. कित्येकदा सायंकाळी शिपाई दिवा लावायला येई तेव्हा बद्रीनाथ दचकून वर पाही, आणि आपले पाय धुळीचे कसे नाहीत याचे त्याला क्षणभर नवल वाटे.

त्या बागेत एकच खोट होती. खऱ्या बागेतून जुन्या नहरीचा, म्हणजे डोंगरातून शहराला पाणी आणणाऱ्या खापरी नळांचा, एक फाटा जमिनीखालून जात असे, आणि त्याच्यावर कमरेएवढे सात दगडी खुंट उभे होते, आतून पोकळ, वर तोंडे उघडी. नकाशांच्या भाषेत त्यांना उच्छ्वास म्हणतात. नळ चढावरून जातो तिथे हवा अडकते, ती बाहेर पडावी म्हणून ही सोय. चढ जिथे आहेत तिथेच ती असायला हवी, आणि चढ काही फूटपट्टी पाहून जमिनीत आलेले नव्हते. दोन खुंट एकमेकांना खेटून, मग लांब मोकळी जागा, मग तीन ओळीने, उरलेले दोन भलतीकडे. बद्रीनाथला ते कापडावर सांडलेल्या शाईसारखे दिसत. त्याने त्यांची कमळे केली. प्रत्येक खुंटावर सिमेंटची पक्की तबकडी, तिच्यावर दगडी पाकळ्या, मध्ये फुलझाडाची कुंडी, भोवती बसायला कट्टा. मंडळाच्या सचिवांनी नकाशा पाहून चष्मा काढला होता. कौतुक वाटले की ते चष्मा काढत.

मोजणीच्या दिवसांत एक माणूस त्याच्या मागेमागे हिंडत असे. सोनाजी, पिशोरकडचा मेंढपाळ, बागेचा राखणदार. पोलीस ॲक्शनच्या आधी नहरीवर सरकारी दारोगा असे. दारोगा गेला, त्याची कचेरी गेली, दप्तर कुठल्या तरी गोदामात गेले, पण बागेतल्या गवताच्या बदल्यात नहर पाहण्याचे सोनाजीच्या घरचे काम कुणी काढून घेतले नाही, कारण ते कुणाला ठाऊकच नव्हते. काम असे: सातही खुंटांच्या तोंडावर आडवी काडी, काडीला लोकरीचा पुंजका. पुंजका थरथरला की खाली पाणी चालू आहे. निपचित लोंबला की कुठे तरी अडले, मग त्या खुंटातून दोराला वजन बांधून आत सोडायचे आणि अडलेले मोकळे करायचे. याहून स्वस्त आणि याहून बिनचूक मापनयंत्र मंडळाच्या भांडारात नव्हते. सुधारणेच्या पहिल्याच दिवशी ते पुंजके ‘गलिच्छ चिंध्या’ या सदराखाली काढून टाकण्यात आले.

‘‘सायब,’’ सोनाजी तेव्हा म्हणाला होता, ‘‘बाकी काय बी करा. ह्या नाकाडांवर झाकण नका घालू. दम कोंडंल.’’

बद्रीनाथने मान हलवली होती. देवगावात पीक निघाल्यावर मेंढपाळांचे कळप येऊन शेतात बसत, लेंडीखत पडे, वडील त्यांना धान्य मोजून देत. मेंढ्या कुठल्या वावरात किती रात्री बसवायच्या, हे वडील मेंढपाळालाच विचारीत आणि तो सांगेल तेच करीत. पण विहीर कुठे खणायची, हे त्याला विचारलेले बद्रीनाथने कधी पाहिले नव्हते. खताचे त्याला कळते, पाण्याचे आपल्याला, ही वाटणी त्याच्या रक्तात होती, आणि रक्तात असलेली गोष्ट तपासून पाहावी असे शिकलेल्या माणसालाही सहसा सुचत नाही.

कमळे झाली. सोनाजी त्याच वर्षी कावीळ होऊन गेला. त्याच्या जागी त्याची बायको कस्तुराबाई राखणीला लागली आणि फाटकाजवळच्या खोलीत राहिली. तिचा दीर आठ महिने कळपामागे रानोमाळ असे. तिचे खुब्याचे हाड निखळून बसले होते. कळपामागे चालणे संपले होते. त्या खोलीवाचून तिला या जगात आडवे व्हायला जागा नव्हती. हे टिपणात कुठेही नव्हते, अर्थातच.

‘‘झालं का लिहून?’’ ओव्हरसियर रामकिसन टेबलाशी येऊन उभा राहिला. तोंडात पान, खिशाला दोन पेनं, त्यातले एक बिनशाईचे. ‘‘कायकू इतका घोटतोस भाऊ? टिपण हाय, लग्नाची पत्रिका नव्हं.’’

‘‘चौथा परिच्छेद राहिलाय.’’

‘‘मंग लिही की! बद्रीनाथभाऊ, ऐक. सचिवसाहेब म्हणत होते, हेड ड्राफ्ट्समनच्या जागेला आता दुसरा कोण हाय? म्या म्हटलं, हाय कोण! कारंजं बंद पडलं तर कुणाच्या तरी माथी जायाच पायजे. तुझ्या जाऊ दे का माझ्या?’’

‘‘गाळ दोन बोटं होता, रामकिसन.’’

‘‘तुझी बोटं बारीक हायेत,’’ रामकिसन म्हणाला आणि स्वतःच्या विनोदावर खूश होऊन निघून गेला. जाता जाता वळला. ‘‘उद्या अकराला सुनावणी. बाईचा अंगठा घ्यायचाय. नकाशा घेऊन ये, साहेबांना नकाशा लटकलेला बरा वाटतो.’’

बद्रीनाथने चौथा परिच्छेद लिहिला. अक्षर नेहमीइतकेच देखणे आले. मग नकाशाची गुंडाळी काखेत मारून तो ऊन कलायच्या आत हौजबागेत गेला. का, ते त्याला सांगता आले नसते. गुंडाळी सोबत होती, म्हणजे आपण कामाने चाललो आहोत, एवढे त्याने स्वतःला पटवले.

बाग सुनी होती. उन्हाला जडपण आले होते आणि कडुनिंबाखालची सावली पाण्यासारखी हलत होती. त्याने काढलेल्या वाटांवरून तो चालू लागला, आणि प्रत्येक वळण पायांना आधीच ठाऊक असल्यामुळे आपण चालत नसून कुणीतरी आपल्याला रेखीत नेत आहे असे त्याला वाटत राहिले. फक्त सावल्या चुकीच्या बाजूला पडल्या होत्या. तिसऱ्या कमळाच्या कट्ट्यावर कस्तुराबाई बसली होती, एक पाय लांब करून.

‘‘या,’’ ती म्हणाली. ‘‘देवगावच्या पाटलाचं लेकरू ना तुम्ही? आमची मेंढरं बसलीत तुमच्या वावरात. तुमच्या आईच्या हातची भाकर खाल्लीय म्या. लई मोठी थापायची, पर मीठ इसरायची.’’

‘‘अजून विसरते, मावशी.’’

‘‘मंग बरी हाय म्हना.’’ तिने गुंडाळीकडे पाहिले. ‘‘त्यात हाय का ही बाग?’’

‘‘आहे.’’

‘‘त्यात कारंजं उडतंय का?’’

‘‘उडतंय.’’

‘‘व्हय, कागदावरचं पानी आटत नाय. बसा. कान लावा हितं.’’

दगडी पाकळीवर त्याने कान टेकवला. दगड तापलेला होता. आधी काही नाही, मग फार खोलवरून, झोपेत कुणी अंगावर पांघरूण ओढून घ्यावे तसा एक आवाज आला आणि थांबला. पुन्हा आला. सबंध बागेच्या पोटात काहीतरी कुशीवर वळत होते, त्याला जागा पुरत नव्हती. बद्रीनाथने डोळे मिटले. खापरी नळांची ती काळोखी वाट त्याला आतून दिसू लागली; डोंगराकडून दोन-तीनशे वर्षे चालत आलेले पाणी प्रत्येक चढाशी येऊन थबकत होते, पुढे हवेची एकेक उशी भिंतीसारखी उभी, आणि वर, दिवसाच्या उजेडात, त्याने काढलेले एकेक कमळ. पाण्याला घाई नव्हती. ते वाट पाहत होते, जशी जुनी माणसे दारात वाट पाहतात, हाक न मारता.

‘‘आता उठा,’’ कस्तुराबाई म्हणाली. ‘‘आन् बोंबलू नका.’’

पाकळीच्या खाली, तबकडी आणि खुंट यांच्या सांध्यात बोट जाईल एवढे एक भोक होते. नवऱ्याच्या पहारीने तिने ते कधीतरी पाडले होते आणि लोकरीच्या बोळ्याने बुजवून ठेवले होते. तिने बोळा ओढला. लांब, गार, ओलसर सुस्कारा बाहेर आला. तो थांबेना. बद्रीनाथच्या सदऱ्याची बाही फडफडली. तिथला वास मातीच्या माठाच्या तळाशी असतो तसा होता. सुस्कारा बारीक होत गेला तसे मधल्या हौदातले कारंजे दोनदा खोकले, थुंकले, आणि मग एक हातभर उंच, जाड, सलग, पांढरा झोत उभा राहिला आणि हलेना.

चौदा महिन्यांत ते पाणी तिच्याखेरीज कुणी पाहिले नव्हते. दोन साळुंक्या हौदाच्या काठावर येऊन बसल्या आणि मान तिरपी करून पाहू लागल्या.

‘‘सातातलं एक सोडलं तर इतकं,’’ ती म्हणाली. ‘‘सगळी सोडा, मंग बगा.’’

‘‘मावशी, हे कुणाला दाखवलंत?’’

‘‘दावलं तर काय म्हंत्याल? बाईनं सरकारी दगड फोडला. मेंढरानं गाळ घातला म्हून शिपाई सांगून गेलाच हाय, त्यात आनखी एक कलम.’’ तिने बोळा परत भोकात कोंबला, अंगठ्याने दाबला. हौदातला झोत ढासळला. ‘‘सायब, तुमाला एक इचारते. खोली सोडायला पंधरा दिस म्हंजी आमुशाच्या आदी का मागं? दीर आमुशाला हिकडून जातो. मागं असंल तर त्याच्या गाढवावर भांडी टाकली असती. आदी असंल तर डोक्यावर न्यावी लागतील, आन् मला काय डोक्यावर घिऊन चालनं जमायचं नाय.’’

तिने त्याला दोष दिला असता, तर त्याला उत्तर देता आले असते. त्याच्यापाशी उत्तरे होती, वाचलेली, घासून ठेवलेली. तिने तिथी विचारली. बद्रीनाथने बोटांवर दिवस मोजले आणि सांगितले, ‘‘आधी.’’

‘‘मंग अवघडच हाय,’’ ती म्हणाली, आणि झाडू घेऊन लंगडत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता सचिवांच्या खोलीत नकाशा भिंतीला लटकत होता. खाली कस्तुराबाई जमिनीवर बसली होती. खुर्ची होती, पण ती तिला कुणी दाखवली नाही. रामकिसनने टिपण वाचले. चौथा परिच्छेद त्याने जरा चढ्या आवाजात वाचला.

‘‘बाई, समजलं का?’’ सचिवांनी विचारले.

‘‘मेंढराचं समजलं. गाळाचं नाय समजलं.’’

‘‘ते समजण्याची जरूर नाही. अंगठा करा.’’

रामकिसनने शाईचा पॅड पुढे सरकवला. बद्रीनाथ नकाशाजवळ उभा होता. समोर ती बाग होती, सकाळी दहाच्या उन्हातली, वारा नसलेली. तो तिच्यात सहज जाऊ शकला असता. त्याने पाहिले, तिसऱ्या कमळावर कुणी बसले आहे का. तिथे एक चेहरा नसलेले माणूस होते, त्यानेच काढलेले, प्रमाण दाखवण्यासाठी.

‘‘साहेब,’’ तो म्हणाला, ‘‘माझा जबाब राहिला आहे.’’

‘‘तुमचा? तुम्ही साक्षीदारसुद्धा नाही.’’

‘‘बद्रीनाथभाऊ,’’ रामकिसन दातांतून पुटपुटला, ‘‘बस यार.’’

‘‘सात खुंटांचं तोंड कुणी बंद केलं, ते टिपणात नाही. ते मी लिहून देतो. त्यांचा अंगठा त्यानंतर घ्या, घ्यायचा असेल तर.’’

सचिवांनी चष्मा काढला. या वेळी कौतुकाने नव्हे. काच पुसायची होती. काच बराच वेळ पुसून झाल्यावर ते म्हणाले, की लेखी जबाब दप्तरी लावावा लागतो, आणि एकदा लागला की काढता येत नाही, याची संबंधितांनी जाणीव ठेवावी. बद्रीनाथ म्हणाला, आपल्याला दप्तराची रीत ठाऊक आहे. रामकिसनने पॅड मागे ओढला. कस्तुराबाई एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे पाहत होती. साहेबलोक आपसांत काय बोलत आहेत याचा तिला बोध होत नव्हता, पण आपला अंगठा अजून कोरडा आहे हे तिने पाहून घेतले आणि तो मुठीत मिटला.

पुढचे थोडक्यात. तिचा हुकूम निघाला नाही, खोली तिच्याकडे राहिली. हेड ड्राफ्ट्समनच्या जागेवर बाहेरून माणूस आला. कमळे काढण्याचा ठराव एकमताने झाला आणि अकरा महिने निविदेत अडकला, कारण तोडकाम हे सुशोभनात बसत नाही असा लेखाविभागाचा अभिप्राय पडला. कमळे अखेर निघाली त्या वर्षीच्या मंडळाच्या वार्षिक अहवालात हौजबागेविषयी एकच वाक्य आहे: ‘कारंज्यांच्या कार्यक्षमतेत अनुकूल हवामानामुळे वाढ झाली.’ मात्र दप्तर खोटे बोलत नाही अशी जी एक समजूत आहे, तिला आधार देणारे एक पान त्या दप्तरात आहे. ते गोलाकार, देखण्या अक्षरात आहे. त्यात खाडाखोड नाही. त्यातला मजकूर असा:

‘मी, बद्रीनाथ, मंडळाचा ड्राफ्ट्समन, खुशीने लिहून देतो की, हौजबागेतील सात उच्छ्वासांवर झाकणे घालण्याची कल्पना माझी आहे. ती मला कुणी सांगितली नाही. कै. सोनाजी यांनी झाकणे घालू नयेत असे मला स्पष्ट बजावले होते. ते मी माझ्या मोजणीच्या वहीत लिहून घेतले होते, आणि त्याच दिवशी खोडले, कारण वही साहेबांच्या नजरेखालून जाणार होती, आणि मी मेंढपाळाचे ऐकून नकाशा बदलला असे कुणी म्हणावे हे मला नको होते. उद्‌घाटनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटाच बागेत गेलो असता कारंजे खोकताना ऐकले. त्याच क्षणी मला कारण समजले. त्यानंतर चौदा महिने मी बोललो नाही. भीती वाटत होती म्हणून नव्हे. फाटकाजवळच्या दगडावर माझे नाव कोरलेले आहे, आणि बाग मला तशीच सुंदर वाटत होती.’